केबल तोडण्याआधी आत्यांना विचार

केबल बंद करायची का ठेवायची, हे तू बिल समोर ठेवून ठरवायला बसलीयस. महिन्याला साडेतीनशे म्हणजे वर्षाला बेचाळीसशे, हे फोनवर दोनदा सांगितलंस. हिशेब चोख आहे गं. उसाचं बिल जमा होईपर्यंत शेतकऱ्याच्या घरात रुपया कसा पुरवून वापरावा लागतो, हे मला वेगळं सांगायला नको. आपण दोघी तशाच घरात वाढलो. पण तुझ्या बोलण्यात बिलाच्या मागं आणखी बरंच काही होतं. केबल गेली की थोरला दहावीच्या अभ्यासाला बसेल, धाकटी पुस्तक हातात धरेल, जेवताना सगळी एकमेकांशी बोलतील, असं तुला वाटतंय. मला बोलायचंय ते त्या आशेबद्दल. पैसे वाचतील. बाकीचं आपोआप होत नाही, आणि झालं नाही म्हणून तू हिरमुसलेली मला बघवणार नाही.

आधी एवढं सांग, तुमच्या घरात टीव्ही बघतं कोण?

मागच्या दिवाळीत मी तुमच्याकडं कोडोलीला आले होते, तेव्हाचं आठवून सांगते. थोरल्यानं टीव्हीकडं मान वर करून बघितलं नाही, त्याचं सगळं हातातल्या मोबाईलमध्ये. धाकटीला कार्टून लागतं, पण तेही तिला तुझ्या मोबाईलवर जास्त आवडतं, कारण तिथं नको ते पुढं ढकलता येतं. पाहुणे, म्हणजे तुझे मालक, रात्री बातम्या बघतात, आणि मॅच असली तर मॅच. तू भाकरी थापता थापता नुसते कान तिकडं देतेस. खरा टीव्ही बघतात त्या तुझ्या सासूबाई, आत्या. मामा, तुझे सासरे, गेल्यापासून तर दुपारच्या वेळी तेवढाच आवाज त्यांच्या सोबतीला असतो. तुम्ही दोघं कामावर, पोरं शाळेत, आणि घरात त्या एकट्या. म्हणजे बघ, खर्चाची काळजी तुझी, तक्रार पोरांची, आणि काढून घेतलं जाणार ते आत्यांचं. आत्या घरात नसत्या तर मी तुला कालच ‘खुशाल तोड’ म्हणाले असते.

त्यांचा रिमोट कधी हातात घेऊन नीट बघितलायस? प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून रबर लावून ठेवलाय. पिशवीतूनसुद्धा दिसतं की दोन-तीन बटणांवरचे आकडे पार पुसून गेलेत. आत्यांना वाहिनीचं नाव वाचावं लागत नाही, त्यांना नंबर पाठ आहेत. मालिकेचा एक, देवाच्या कार्यक्रमाचा एक, बातम्यांचा एक. डोळ्यावर चष्मा नसला तरी अंगठा बरोबर जागेवर जातो. आता याच्या जागी तू म्हणतेस तसं ॲपवर मालिका लावायची म्हटलं, तर आधी इंटरनेट चालू आहे का बघायचं, मग ॲप उघडायचं, मग कुणाचं प्रोफाइल ते निवडायचं, मग मालिका शोधायची, आणि मधेच कधी त्यानं बाहेर काढलं तर पुन्हा ओटीपी घ्यायचा. शिकवलं तर आत्या शिकतीलही. पण शिकेपर्यंत प्रत्येक वेळी ‘बाळा, जरा लावून दे की’ म्हणायची पाळी त्यांच्यावर येणार. नातू दोन दिवस लावून देईल, मग कुरकुर करेल, आणि त्या मागायच्याच बंद होतील. आपल्या मर्जीनं, कुणाला न विचारता चालवता येईल असं म्हाताऱ्या माणसाजवळ घरात फार थोडं उरलेलं असतं गं.

आणि मालिकांना आपण नावं ठेवतो खरी, पण त्यांनी आत्यांना काय दिलंय तेही बघ. २०१६ मध्ये ‘तुझ्यात जीव रंगला’ सुरू झाली, तेव्हा चित्रीकरण आपल्या वसगड्यात चालायचं आणि मालिकेतल्या राणादाचा वाडा बघायला गावोगावची माणसं जायची. रोज रात्री आपल्या कोल्हापूरची बोली टीव्हीतून घरात यायची. पुढं २०२० मध्ये ‘दख्खनचा राजा ज्योतिबा’ लागली, ती कोल्हापूरच्या चित्रनगरीत उभी केलेली. गुडघ्यांमुळं ज्यांना आता डोंगरावर चढवत नाही, त्यांना घरबसल्या जोतिबाची कथा दिसली. शेजारच्या बायका दुसऱ्या दिवशी दारात बसून त्यावर बोलायच्या. रात्री सगळ्यांनी एकच बघितलेलं असतं म्हणून सकाळी सगळ्यांना बोलायला एक विषय असतो. मोबाईलवर प्रत्येकीचं वेगळं.

आता पोरांचं. टीव्ही सोप्यात भिंतीवर आहे. काय लागलंय ते येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतं, आवाज चुलीपर्यंत ऐकू येतो, वाईट काही लागलं तर तू तिथूनच ओरडतेस. मोबाईलचं तसं नाही. तो पांघरुणात जातो, माडीवर जातो, कानात इयरफोनचं बोंड घातलं की आत काय चाललंय हे आईलाही कळत नाही. तू केबल तोडलीस आणि मोबाईल तसाच ठेवलास, तर सगळ्यांच्या समोरची गोष्ट काढून प्रत्येकाच्या मुठीतली तेवढी ठेवलीस असं होईल. आणि अभ्यास सुधारायचा तर त्या दोन्हींतली कुठली आधी आवरायला हवी, हे तुलाही ठाऊक आहे. टीव्हीशी भांडणं सोपं जातं, कारण तो उलट बोलत नाही. पंधरा वर्षांच्या पोराच्या हातातला मोबाईल काढून घेताना छातीत धडधडतं. ते धडधडणं चुकवायला केबल तोडू नकोस, एवढंच माझं कळकळीचं सांगणं.

शेजारच्या सांगली जिल्ह्यात हे सगळ्या गावानं मिळून करून दाखवलंय, ते तू ऐकलं असशील. कडेगाव तालुक्यातलं मोहित्यांचे वडगाव. कोरोनात शाळा मोबाईलवर आली, शाळा परत वर्गात गेली तरी मोबाईल पोरांच्या हातात राहिला, आणि आयांनी तक्रारी सुरू केल्या. तेव्हाचे सरपंच विजय मोहिते यांनी विषय गावापुढं मांडला आणि १५ ऑगस्ट २०२२ पासून गावात भोंगा वाजायला लागला. भैरवनाथाच्या देवळावरून संध्याकाळी सात वाजता एकदा आणि साडेआठला पुन्हा एकदा. त्या दीड तासात टीव्ही बंद आणि मोबाईलही बंद. सुरुवातीला कुरबूर झालीच. मग आशाताई, अंगणवाडीच्या बाई, ग्रामपंचायतीची माणसं, निवृत्त शिक्षक घरोघर जाऊन सांगायला लागले. मला त्यातलं सगळ्यात काय पटलं, सांगू? त्यांनी कुणाची केबल तोडली नाही. आणि नियम फक्त पोरांना लावला नाही, आईची मालिका आणि बापाचा मोबाईल दोन्ही त्यात धरले. सात ते साडेआठ ही मालिकांची ऐन वेळ, ती बायकांनी सोडली. पोरगं अभ्यासाला बसतं ते ‘बस’ म्हटल्यानं नव्हे, घरातलं दुसरं कुणीच काही बघत नाहीये हे दिसल्यावर.

तुमच्या घरासाठी भोंग्याची वाट बघायला नको. संध्याकाळचं दूध डेअरीला घालून पाहुणे परत आले, कॅन धुऊन पालथा घातला, की तिथून दीड तास बंद. ही वेळ तुमच्याकडं रोज ठरलेली आहे, घड्याळ बघावं लागत नाही. सगळ्यांचे मोबाईल, पाहुण्यांचासुद्धा, फळीवर एका जागी. पाहुण्यांशी हे तू आधी एकटीनं बोल, पोरांसमोर नको. त्यांना ऊसतोडीचा, चिठ्ठीचा, पाण्याच्या पाळीचा फोन येतो. तो वाजला तर उठून घ्यावा आणि परत फळीवर ठेवावा, इतकी मोकळीक दे. पण ‘जरा बातम्या बघतो’ म्हणून हातात घेतला की सगळं संपलं.

आत्यांची त्या वेळातली मालिका चुकेल, हे खरं. पण बहुतेक मालिकांचा भाग दुसऱ्या दिवशी पुन्हा दाखवतात. कुठल्या वेळी ते एकदा बघून ठेव आणि आत्यांना वेळ सांग. दुपारी घर त्यांचंच असतं, निवांत बघतील.

आता पैशाचं. इथं मात्र तू जरा ठामपणे वाग, कारण बरेच पैसे आपण न बघितलेल्या गोष्टींसाठी भरत असतो. १ फेब्रुवारी २०१९ पासून दूरसंचार नियामक असलेल्या ट्रायनं केबलच्या बिलाची पद्धत बदलली. एक जोडणीचा ठरावीक आकार आणि त्यावर आपण निवडलेल्या पैशाच्या वाहिन्या, असे दोन भाग. तो आकार तेव्हा १०० वाहिन्यांसाठी जास्तीत जास्त १३० रुपये होता, वर १८ टक्के जीएसटी धरून १५३ रुपये ४० पैसे. २०२० मध्ये तेवढ्याच पैशात २०० वाहिन्या द्यायचं ठरलं. जुलै २०२४ मध्ये ट्रायनं १३० ची मर्यादाच उठवली, त्यामुळं आता आकार ज्यानं त्यानं ठरवायचा. पण एक गोष्ट अजून आपल्या हातात आहे: वाहिन्या सुट्ट्या मागता येतात. प्रत्येक पैशाच्या वाहिनीची महिन्याची किंमत जाहीर करावी लागते, आणि गठ्ठ्यात, म्हणजे पॅकेजमध्ये, घातलेल्या कुठल्याही एका वाहिनीची सुटी किंमत १९ रुपयांच्या वर असून चालत नाही. म्हणजे आत्यांच्या दोन-तीन मराठी वाहिन्या सुट्ट्या घेतल्या तर किती होतात, हे कागदावर मांडता येतं. तुमच्या सध्याच्या गठ्ठ्यात खेळाच्या, इंग्रजी सिनेमाच्या, हिंदीच्या वाहिन्या किती आहेत आणि त्यांतली एक तरी तुमच्याकडं लागते का, हे बघ.

त्यासाठी कॅलेंडर वापर. कालनिर्णयाच्या चौकटीत रोज पेन्सिलीनं लिहायचं, आज कुठली वाहिनी लागली. नुसती नावं, वेळ नको, कोण बघत होतं तेही नको. नाहीतर आत्यांना वाटेल सून पाळत ठेवतेय. उलट त्यांनाच सांग, ‘आत्या, तुम्ही काय काय बघता ते सांगा, मी लिहिते, म्हणजे केबलवाल्याला नेमकं तेवढंच ठेवायला सांगता येईल.’ आठवडाभरात यादी तयार होते. आणि माडीवरच्या खोलीतल्या दुसऱ्या टीव्हीचं कनेक्शन? तो घरी कुणी मुक्कामाला आलं की लागतो आणि एरवी त्यावर कपडे वाळतात. दुसऱ्या टीव्हीचे वेगळे पैसे द्यावे लागतात. ते कनेक्शन मात्र आजच बंद कर, त्यासाठी कुणाला विचारायची गरज नाही.

पाहुणे फ्री डिशचं म्हणत होते, त्याचाही विचार कर, पण माहिती घेऊन. दूरदर्शनची ही सेवा डिसेंबर २००४ पासून आहे. छत्री आणि बॉक्स एकदा घ्यायचा, साधारण दीड-दोन हजारात बसतो, आणि पुढं महिन्याला काही नाही. सह्याद्री वाहिनी त्यावर असतेच. क्रिकेटचं एक फार कमी लोकांना ठाऊक असतं: २००७ च्या कायद्यानं भारतीय पुरुष संघाचे घरच्या मैदानावरचे एकदिवसीय आणि ट्वेन्टी-२० सामने, वर्ल्ड कपमधले भारताचे सामने, उपांत्य आणि अंतिम सामना यांचं प्रक्षेपण दूरदर्शनला द्यावं लागतं, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालानंतर दूरदर्शनला मिळालेलं ते प्रक्षेपण फ्री डिशवर दिसतं, खासगी केबलवर नाही. म्हणजे पाहुण्यांची मॅच फुकटात भागते. आयपीएल त्यात येत नाही. खासगी वाहिन्यांच्या जागा तिथं लिलावानं जातात, त्यामुळं यादी बदलत राहते, आणि पैसे घेणाऱ्या मोठ्या वाहिन्या त्यावर मिळत नाहीत. आत्यांची वाहिनी आहे का, हे दुकानदाराला आधी स्पष्ट विचार. नसली तर पाहुण्यांच्या मॅचसाठी आत्यांची संध्याकाळ गेली, असा सौदा व्हायचा. शिवाय पन्हाळ्याच्या बाजूनं पाऊस उतरला की छत्रीचा सिग्नल जातो, हे तुमच्याकडं जून ते सप्टेंबर गृहीत धरावंच लागेल.

पावसावरून आठवलं. ऑगस्ट २०१९ चा महापूर तू विसरली नसशील. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा आणि ४३ फुटांवर धोका, हे आकडे तेव्हा पोराबाळांनाही पाठ झाले होते. बी न्यूजसारख्या कोल्हापूरच्या स्थानिक केबल वाहिन्या पाणी कुठल्या गल्लीत आलं, कुठला रस्ता बंद झाला, हे सांगतात; मुंबईच्या वाहिनीला कोडोलीचा रस्ता कुठं ठाऊक असणार? या बातम्या आता यूट्यूबवरही मिळतात, हे मान्य. केबल राहो न राहो, एक सेलवरचा रेडिओ मात्र घरात घेऊन ठेव. वीज गेली, मोबाईलचा टॉवर बसला, की तोच बोलतो. आकाशवाणी सांगली मामा रोज सकाळी लावायचे, आत्यांनाही ती लागेलच.

थोरल्याच्या दहावीसाठी जरा वेगळा मार्ग आहे, तोही सांगून ठेवते. कनेक्शन कायमचं तोडण्याऐवजी काही महिने तात्पुरतं बंद ठेवायला सांगता येतं, तशी तरतूद ट्रायच्या नियमातच आहे. महिन्याच्या हिशेबानं मागायचं, पंधरा दिवस अगोदर सांगायचं, बंद काळाचे वाहिन्यांचे पैसे लागत नाहीत. पुन्हा चालू करताना काही फी घेतात का आणि किती, हे आधी विचारून कागदावर घे. बोर्डाची परीक्षा फेब्रुवारीत सुरू होते आणि मार्चमध्ये संपते. तेवढे दोन महिने बंद ठेवून बघायचं, असं आत्यांनी स्वतःहून म्हटलं तर फार चांगलं. नातवासाठी त्या नाही म्हणणार नाहीत, हे मला माहीत आहे. पण म्हणूनच त्यांच्या त्या चांगुलपणाचा फायदा घेऊन परस्पर ठरवू नकोस. आणि एक अट थोरल्यालाही घाल: आजीनं दोन महिने मालिका सोडली, तर त्यानं दोन महिने मोबाईल पाहुण्यांकडं ठेवायचा. हे त्याला तू समजावून सांगितलंस तर त्याच्या मनाला लागेल. पोरगं समजूतदार आहे, फक्त त्याला कुणी विचारलेलं नाही.

केबलवाल्याशी गोड बोल. तो गावातलाच पोरगा, वादळात खांबावर चढून तार जोडून देणारा. तोच आता इंटरनेटची लाईनही ओढतो, त्यामुळं ‘केबल बंद करा आणि नेट घ्या’ किंवा ‘दोन्ही एकत्र स्वस्तात देतो’ असं तो म्हणेलच. त्याच्या धंद्याच्या बाजूनं ते बरोबर आहे. तू लगेच हो म्हणू नकोस. घरात चोवीस तास वायफाय आलं, की आज दीड जीबी संपला म्हणून आपोआप खाली ठेवला जाणारा मोबाईल मग खाली ठेवला जाणार नाही. थोरल्याची परीक्षा होईपर्यंत तरी वायफाय नको, हे माझं स्पष्ट मत. तुम्हाला दुसऱ्या कुठल्या कामासाठी ते लागत असेल तर गोष्ट वेगळी. बॉक्स परत देण्याची वेळ आली तर पावती घे, आणि बॉक्स तुमच्या पैशाचा आहे का त्यांच्या, हे जुनी पावती शोधून बघ.

टीव्ही बंद झाल्यावर त्या दीड तासात काय करायचं, हेही आत्ताच ठरव, नाहीतर पहिल्या दिवशी सगळी एकमेकांकडं बघत बसतील आणि तिसऱ्या दिवशी रिमोट बाहेर येईल. थोरला अभ्यास करेल. पण धाकटी चौथीत आहे, दीड तास सलग अभ्यास तिला झेपायचा नाही. तिला आत्यांच्या हवाली कर. शेंगा फोडायला, गवारी निवडायला, वाती वळायला. आत्या बोलायला लागल्या की वारणेवर साखर कारखाना येण्याआधीचं गाव कसं होतं, तो काढणारे तात्यासाहेब कोरे काय बोलायचे, पहिलं दूध डेअरीला कुणी घातलं, हे सगळं निघतं; मी दिवाळीत तासभर ऐकत बसले होते. त्या भागाला नव्या गोष्टींचं भय कधीच नव्हतं. १९९८ मध्ये वारणेच्या आसपासच्या सत्तरेक गावांत संगणक आणून ‘वायर्ड व्हिलेज’ करायचं काम निघालं, तेव्हा देशात कितीतरी शहरांत ते नव्हतं. नवं आणावं, पण घरातल्या म्हाताऱ्या माणसाला मागं टाकून नव्हे.

केबलवाला पहिल्या आठवड्यात पैसे न्यायला येतो ना? त्याच्या आधी एखाद्या दुपारी काम बाजूला ठेव आणि आत्यांजवळ जाऊन बस. त्या बघतात ती मालिका शेवटपर्यंत बघ, मधे उठू नकोस, त्या कुणाबद्दल काय म्हणतात ते ऐक. मग बिलाचा कागद त्यांच्या हातात दे. पैशाचं त्यांच्यापासून लपवू नकोस, त्यांनी तुझ्यापेक्षा जास्त काटकसरीत संसार केलाय. आणि विचार, ‘आत्या, यातलं काय ठेवूया?’ कदाचित त्याच म्हणतील, काढून टाक. तसं झालं तर दोन दिवस थांबून पुन्हा एकदा विचार, कारण पहिलं ‘काढून टाक’ सुनेच्या तोंडाकडं बघून आलेलं असतं. त्या काय म्हणाल्या ते मला कळव. वाहिन्यांची यादी झाली की फोटो पाठव, बेरीज मी करून देते.